बंदीतले गीत : हैदराबाद संस्थान आणि 'वंदे मातरम्'

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणारा राजमार्ग ज्या गावांवरून जातो, त्यांपैकी हुमनाबाद हे एक होय. बीदर जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण. येथील बाजारात कानडी, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच वेळी कानी पडतात आणि तेलुगू मुलूखही येथून फार दूर नाही. गावाला लागूनच माणिकनगर आहे. तेथे श्रीमाणिकप्रभूंची समाधी आहे. १८१७ ते १८६५ हा प्रभूंचा काळ. त्यांनी पदे मराठीत रचली, कानडीत रचली आणि हिंदी-उर्दूतही रचली. सर्व मतांना आपल्यात स्थान देणारा म्हणून त्यांचा संप्रदाय 'सकलमत संप्रदाय' या नावाने ओळखला जातो. त्यांच्या गादीपुढे हिंदू भक्त बसत, तसे मुसलमान भक्तही बसत, आणि गाणे हा त्या दरबाराचा नित्याचा व्यवहार होता.

ज्या गावाच्या वेशीवर तीन भाषांतील पदे एका बैठकीत म्हटली जात, ते गाव ज्या संस्थानात मोडत होते, त्याच संस्थानात १९३८ साली एक गीत म्हटल्याबद्दल शेकडो विद्यार्थ्यांना शिक्षणाला मुकावे लागले. ते गीत म्हणजे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांचे 'वंदे मातरम्'. एका गीताची सत्तेला एवढी धास्ती का वाटावी, आणि विद्यार्थ्यांनी तरी आपले भवितव्य त्यासाठी का पणाला लावावे, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. गीताचा अर्थ कोण ठरवतो, लिहिणारा, गाणारा, ऐकणारा की राज्यकर्ता, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. आणि तो अजून संपलेला नाही.

हैदराबाद संस्थान हे हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस मैल आणि १९४१ च्या सुमारास लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या वर होती. या प्रजेपैकी निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलत, सुमारे पाव हिस्सा मराठी बोलत, आणि अष्टमांशाच्या आसपास कानडी. उर्दू ही मातृभाषा असणारे लोक दहांत एक किंवा त्याहून थोडे अधिक. तरी राज्यकारभार, न्यायदान आणि उच्च शिक्षण यांची भाषा उर्दूच होती. हुमनाबादच्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा कागद वाचून घेण्यासाठी उर्दू जाणणाऱ्याकडे जावे लागे.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी न ठेवता एक भारतीय भाषा ठेवली. वैद्यक, गणित, पदार्थविज्ञान, कायदा असे विषय उर्दूतून शिकवण्यासाठी तेथे भाषांतर-विभाग स्थापन झाला आणि असंख्य ग्रंथ व परिभाषा तयार झाल्या. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने हा प्रयोग मोठाच होता. परंतु बीदर, परभणी किंवा वरंगळ येथून येणाऱ्या मुलाला ती भाषाही इंग्रजीइतकीच शिकून घ्यावी लागे. आपली भाषा घरी ठेवून तो विद्यापीठात जाई. वसतिगृहात सायंकाळी प्रार्थनेला बसला, की तेवढ्यापुरती ती त्याला परत भेटे. या प्रार्थनेच्या खोलीतच पुढचे सारे घडले.

त्यापूर्वी ते गीत हैदराबादेपर्यंत कोणत्या वाटेने आले हे पाहणे अगत्याचे आहे. बंकिमचंद्रांनी ते १८७५ च्या सुमारास रचले असे मानतात. संस्कृत आणि बंगाली अशा मिश्र भाषेतील हे गीत पुढे त्यांच्या 'आनंदमठ' या कादंबरीत आले; ती १८८२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी ते गाऊन दाखवले. तोवर ते एक सुंदर गीत होते, एवढेच. १९०५ साली लॉर्ड कर्झन यांनी बंगालची फाळणी केली आणि गीताचे पहिले दोन शब्द रस्त्यावर आले. १९०६ च्या एप्रिलमध्ये बारिसाल येथील प्रांतिक परिषदेच्या वेळी हा घोष करणाऱ्यांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. लाठीचे वळ उठल्यावर त्या दोन शब्दांचा अर्थ कोशात पाहण्याची गरज कोणाला उरली नाही.

महाराष्ट्रात हे गीत रुजले त्यात गवयांचा वाटा मोठा आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर काँग्रेसच्या अधिवेशनांत ते गात असत. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गाण्याला हरकत घेतली. पंडितजींनी गीत पुरे केले. या प्रसंगाचे स्मरण करणारे बहुधा एकाच बाजूची गोष्ट सांगतात. वास्तविक त्या एका मंडपात दोन प्रामाणिक माणसे उभी होती. एकाला गीत ही देशभक्तीची परिसीमा वाटत होती, आणि दुसऱ्याला आपल्या श्रद्धेची मर्यादा सांभाळावयाची होती. पुढे हैदराबादेत जे घडले त्याचे बीज या विसंगतीत आहे.

या विसंगतीवर एक तोडगा १९३७ च्या ऑक्टोबरात निघाला. 'आनंदमठा'तील कथानक आणि गीताच्या उत्तरार्धातील देवीचे वर्णन यांबद्दल मुसलमानांची जी हरकत होती तिचा काँग्रेसच्या कार्यकारिणीने विचार केला. रवींद्रनाथांचा सल्ला घेतला गेला. गीताची पहिली दोन कडवी भूमीचे वर्णन करतात. पाणी, फळे, वारा, चांदणे हा त्यांचा विषय आहे. तेवढीच कडवी राष्ट्रीय सभांतून म्हणावीत असे ठरले. त्याबरोबर कार्यकारिणीने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : सभेच्या चालकांना वाटल्यास त्यांनी या गीताच्या जोडीला किंवा त्याच्या ऐवजी दुसरे निर्दोष गीत म्हणावे. गीताचा मान राखावा आणि गाणाऱ्याची मोकळीकही राखावी, असा तो विचार होता.

एका वर्षाच्या आतच या विचाराची कसोटी हैदराबादेत लागली. संस्थानात त्या वेळी सार्वजनिक सभा घेणे सोपे नव्हते. 'गश्ती क्रमांक ५३' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी फर्मानाप्रमाणे सभेला आधी परवानगी लागे. ग्रंथालये, व्यायामशाळा, खाजगी शाळा यांच्यावरही नजर असे. अशा स्थितीत हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याची तयारी चालली असता ७ सप्टेंबर १९३८ रोजी, म्हणजे ती रीतसर उभी राहण्याच्या आधीच, सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबरपासून स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. स्वामीजी मूळचे विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचे. पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. कानडी मुलखात जन्मलेला हा मराठी माणूस हिप्परगे आणि अंबाजोगाई येथे शिक्षक होता. शाळेच्या फळ्यापुढून तुरुंगात गेलेल्या कित्येकांपैकी तेही एक.

राजकीय सभा बंद झाल्या, तेव्हा राजकारण प्रार्थनेच्या खोलीत शिरले असे सरकारचे म्हणणे होते. विद्यार्थ्यांचे म्हणणे असे, की प्रार्थना करण्यास परवानगी आहे आणि हे गीत आमची प्रार्थना आहे. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात नोव्हेंबर १९३८ मध्ये हा वाद प्रथम उभा राहिला. वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली आणि विद्यार्थ्यांनी संप केला. त्या महिन्याच्या अखेरीस हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहात तेच घडले. मनाईचा हुकूम निघाला, विद्यार्थी वर्गांतून बाहेर पडले, त्यांना वसतिगृह सोडावयास लावण्यात आले, आणि नंतर विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. गुलबर्ग्याच्या कॉलेजातील विद्यार्थीही या संपात उतरले. अशा रीतीने ही चळवळ हुमनाबादच्या दाराशी येऊन ठेपली. कारण या भागातील मुलगा शाळा संपवून पुढे शिकावयाचा, तर तो बहुधा गुलबर्ग्याला किंवा हैदराबादला जाई.

उभय पक्षांची बाजू शांतपणे पाहिली, तर असे दिसते की दोघेही अर्धे खरे बोलत होते. हे गीत केवळ प्रार्थना नव्हते हे सरकारला बरोबर कळले होते. बारिसालच्या लाठ्यांनंतर ते केवळ प्रार्थना राहणे शक्यही नव्हते. उलट ते केवळ घोषणाही नव्हते. दिवसभर परक्या भाषेत शिकून आलेली मुले सायंकाळी हात जोडून ते म्हणत. त्यांत मराठी मुलगा असे, तेलुगू असे, कानडी असे. तिघांना एकमेकांची भाषा येत नसे. एकमेकांशी बोलावयाचे तर उर्दूत किंवा मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलावे लागे. परंतु या गीतातील संस्कृत शब्द तिघांच्याही मातृभाषांत घरचेच होते. जल, फल, शीतल, मातृ हे शब्द कानडी मुलाला समजावून सांगावे लागत नसत आणि तेलुगू मुलालाही नाही. म्हणजे राज्याने जी एक भाषा वरून दिली होती, तिच्या शेजारी या मुलांना एक दुसरी सामाईक भाषा सापडली. तीन भाषांच्या या संस्थानात गीताचा प्रभाव एवढा झपाट्याने का पडला, याचे एक उत्तर येथे आहे.

दुसरे उत्तर गीताच्या आशयात आहे. संस्थानी राज्यव्यवस्थेत निष्ठा राजाला वाहावयाची असते. राज्य राजाचे, प्रजा राजाची, आणि प्रजेला मिळणारे सर्व काही राजाच्या कृपेचे. या गीतात राजा कोठेच नाही. वंदन आहे ते भूमीला. आणि भूमी ही सिंहासनाप्रमाणे कोणा एकाच्या मालकीची नसते. आजचे वाचक-श्रोते या भेदाला कदाचित महत्त्व देणार नाहीत, परंतु १९३८ च्या हैदराबादेत 'आपण कोणाचे?' या प्रश्नाचे ते वेगळे उत्तर होते. ज्यांनी मनाईचा हुकूम काढला त्यांना हा भेद कळला होता, म्हणूनच त्यांनी तो काढला. हुकूम काढून त्यांनी मात्र उलटेच साधले. काल जे गीत एका खोलीतील काही मुले म्हणत होती, ते आज संस्थानभर विचारले जाऊ लागले. त्यात असे काय आहे, हे ज्याला ठाऊक नव्हते तोही ते मिळवून वाचू लागला.

काढून टाकलेल्या मुलांचे काय झाले, हा या इतिहासाचा सर्वांत हृद्य भाग आहे. आईबापांनी शेत गहाण टाकून ज्यांना शिकावयास पाठवले, ती मुले मध्येच घरी परतणार असा प्रसंग आला होता. माफी मागितली असती तर परत प्रवेश मिळाला असता. अनेकांनी माफी मागितली नाही. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने त्यांना आपले दार उघडले. त्या वेळचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना सामावून घेतले आणि शेकडो मुलांचे शिक्षण वाचले. निजामाचे संस्थान सोडून नागपुरास गेलेल्या विद्यार्थ्यांत तेलंगणातील एक तरुण होता. तो पुढे उत्तम मराठी शिकला आणि १९९१ साली देशाचा पंतप्रधान झाला. ते पी. व्ही. नरसिंह राव होत. एका विद्यापीठाने ज्यांना नाकारले त्यांना दुसऱ्याने घेतले, यात संस्थानी राज्याचा खरा पराभव होता. कारण तुरुंगात घातलेल्या माणसापेक्षा शिकून परत आलेला माणूस राज्याला अधिक जड जातो. १९४७-४८ च्या लढ्यात पुढे आलेल्या कार्यकर्त्यांत या संपातून गेलेले तरुण पुष्कळ होते.

वसतिगृहाबाहेर मात्र या गीताची वाट एवढी सरळ राहिली नाही. त्याच महिन्यांत आर्यसमाज आणि हिंदुमहासभा यांचाही सत्याग्रह संस्थानात उभा राहिला होता. यज्ञ करणे, मंदिरे बांधणे, धर्मप्रचार करणे यांवरील निर्बंध दूर व्हावेत ही त्यांची मागणी होती. डिसेंबर १९३८ मध्ये सोलापूरला लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली आणि पुढील महिन्यांत हजारो सत्याग्रही संस्थानात शिरले. त्यांचे पुढारी महात्मा नारायणस्वामी यांना गुलबर्ग्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. उदगीरकडील आर्यसमाजाचे कार्यकर्ते भाई श्यामलाल हे डिसेंबर १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मरण पावले. रामचंद्रराव नावाच्या एका तेलुगू सत्याग्रह्याने तुरुंगात फटके खाताना प्रत्येक फटक्याला 'वंदे मातरम्' म्हटले, आणि तेव्हापासून लोकांनी ते दोन शब्द त्यांच्या नावालाच जोडले. 'वंदेमातरम् रामचंद्रराव' याच नावाने ते अखेरपर्यंत ओळखले गेले.

अशा प्रकारे एकच गीत तीन चळवळींच्या मुखी आले. विद्यार्थी ते म्हणत होते, जबाबदार राज्यपद्धती मागणारी स्टेट काँग्रेस ते म्हणत होती, आणि धार्मिक हक्क मागणारे सत्याग्रहीही तेच म्हणत होते. शब्द एक, पण अर्थ तीन झाले. संस्थानातील मुसलमानाला ते ऐकताना कोणता अर्थ ऐकू येईल, हे आता गाणाऱ्याच्या हाती राहिले नव्हते. हा धोका ओळखूनच गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने २४ डिसेंबर १९३८ रोजी आपला सत्याग्रह तहकूब केला. लोकशाहीचा लढा धार्मिक लढ्यात मिसळून जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. तुरुंगात गेलेल्या पुष्कळांना हा निर्णय त्या वेळी कडू वाटला. आज दहा वर्षे पुढचे पाहता येते, आणि त्या निर्णयातील दूरदृष्टी कळते.

ते पुढचे पर्व सांगावयास जड आहे, पण ते टाळून या गीताचा इतिहास पुरा होत नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. हैदराबाद झाले नाही. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखाली रझाकारांचे दल उभे राहिले आणि सीमेवरील खेडी भयाने ग्रासली. मे १९४८ मध्ये बसवकल्याणच्या बाजूच्या गोरटा या गावी रझाकारांनी केलेल्या हत्याकांडाची आठवण या भागात अजून बोलली जाते. त्याच ऑगस्टात हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. संस्थानाने भारतात विलीन व्हावे, असे ते लिहीत होते. हे गीत ज्या मातृभूमीसाठी म्हटले जात होते तिच्यासाठी एका मुसलमान पत्रकाराने उर्दूत लिहून प्राण दिले, ही गोष्ट प्रत्येक शाळेत सांगण्याजोगी आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. जेथे काल बंदी होती तेथे आज तेच गीत मोकळ्या आवाजात म्हटले गेले. दहा वर्षांपूर्वी शाळा सोडावी लागलेल्या माणसाला त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. परंतु त्याच दिवसांत, त्याच जिल्ह्यांत दुसरेही घडत होते. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली भारत सरकारने पाठवलेल्या मंडळाने या भागाचा दौरा केला, आणि फौजेच्या आगमनानंतर निरपराध मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर कत्तल झाल्याचे आपल्या अहवालात नमूद केले. त्यांच्या अंदाजाने मृतांचा आकडा निदान २७,००० होता, आणि सर्वांत अधिक झळ बसलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. गोरट्याचे दुःख ज्यांनी सोसले आणि सप्टेंबरचे दुःख ज्यांनी सोसले, ती दोन्ही घरे एकाच बाजारात पुन्हा देवघेव करू लागली. त्यांच्यापैकी एकाच्या कानी हे गीत सुटकेचे गीत म्हणून पडले असेल. दुसऱ्याच्या कानी ते तसेच पडले असेल असे कोणी छातीठोकपणे सांगू नये.

गीताला याचा दोष देणे योग्य नव्हे. पाण्याला आणि चांदण्याला वंदन करणारे शब्द कोणाची हत्या करावयास सांगत नाहीत. परंतु गीत हे हवेत राहत नाही, ते माणसांच्या मुखी राहते. आणि त्या माणसांच्या हातून जे घडते त्याची सावली गीतावर पडते. म्हणून ज्या राष्ट्राने असे गीत स्वीकारले, त्याने ते कसे म्हणावे याचाही विचार करावयास हवा होता. सुदैवाने तो झाला. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी 'वंदे मातरम्' समूहाला आणि वाद्यवृंदाला पेलेल अशा चालीत बसवून घटनासमितीच्या सभासदांपुढे सादर केले होते; हे गीत राष्ट्रगीत व्हावे यासाठी त्यांनी अतोनात खटपट केली. अखेर २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी घटनासमितीत निवेदन केले. 'जन गण मन' हे राष्ट्रगीत ठरले, आणि स्वातंत्र्यलढ्यातील कामगिरीबद्दल 'वंदे मातरम्' ला त्याच्या बरोबरीचा मान देण्यात आला. या निर्णयाने मास्तर कृष्णरावांचे समाधान झाले नसेल, परंतु देशाने कोणालाही हरवले नाही.

इतर देशांतही अशा गीतांचे भवितव्य पाहण्यासारखे आहे. दक्षिण आफ्रिकेत इनॉक सोंटोंगा नावाच्या एका मिशन शाळेतील शिक्षकाने १८९७ साली आफ्रिकेला आशीर्वाद मागणारे एक स्तोत्र रचले. त्याच्या मनात राजकारण नव्हते. शाळेतील मुलांनी म्हणावे यासाठी ते होते. तेच स्तोत्र पुढे वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्याचे गीत झाले. लढा जिंकल्यावर त्या लोकांनी एक अपूर्व गोष्ट केली. १९९७ साली त्यांनी आपल्या राष्ट्रगीतात या स्तोत्राबरोबर जुन्या राज्यकर्त्यांच्या राष्ट्रगीताचाही काही भाग गुंफला. त्या एका गीतात पाच भाषा आहेत. जिंकलेल्याने हरलेल्याचा सूर आपल्या गीतात घ्यावा, याला मोठे मन लागते. माणिकप्रभूंच्या गावाला ही कल्पना नवी वाटणार नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले आहे, आणि ते उस्मानियाच्या उदाहरणाशी ताडून पाहण्याजोगे आहे. १९८५ साली केरळातील एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकण्यात आले. ती एका लहानशा ख्रिस्ती पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, परंतु ईश्वरावाचून अन्य कशाचे स्तवन करावयाचे नाही या आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला, की गीताचा अवमान न करता मूक उभे राहणे हा गुन्हा नव्हे, आणि मुलांना शाळेत परत घेतले पाहिजे. बोलण्याच्या हक्कात मौनाचाही हक्क येतो, हे त्या निकालाचे सार होय.

एका ठिकाणी मुले गायली म्हणून काढली गेली, दुसऱ्या ठिकाणी गायली नाहीत म्हणून. १९३८ चे विद्यार्थी आणि १९८५ ची ती भावंडे यांच्यात वरवर काहीच साम्य नाही. विचार केला, तर दोघांनी एकच गोष्ट मागितली होती. आपल्या मुखातून काय निघावे हे आपल्या अंतःकरणाने ठरवावे, हुकमाने नव्हे. निजामाच्या हुकमाने 'वंदे मातरम्' चे बळ वाढले, कारण जो गात होता तो आपल्या मनाने गात होता आणि त्याची किंमत मोजत होता. तेच गीत उद्या कोणी धाकाने म्हणावयास लावले, तर शब्द तेच राहतील, चाल तीच राहील, परंतु वसतिगृहातील त्या मुलांनी त्यात जे ओतले होते ते त्यात उरणार नाही. बंदीने गीत मरत नाही हे हैदराबादने दाखवले. सक्तीने ते जगत नाही, हे समजण्यास त्यासाठी आणखी एक संस्थान उभे करण्याची गरज पडू नये.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात गेला, आणि हुमनाबाद, भालकी, बीदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिले. सोयरीक असलेली घरे दोन राज्यांत वाटली गेली. तरी १७ सप्टेंबर हा दिवस सीमेच्या दोन्ही बाजूंना पाळला जातो. मराठवाड्यात तो मुक्तिसंग्राम दिन आहे; इकडे बीदर-कलबुर्गीतही त्या दिवशी झेंडा लागतो. या भागाने स्वामी रामानंद तीर्थांना विसरले नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गुलबर्ग्याच्या मतदारांनीच त्यांना लोकसभेत पाठवले होते.

त्या दिवशी सकाळी शाळांच्या पटांगणांत मुले रांगेने उभी राहतात. कोणाची मातृभाषा कानडी असते, कोणाची मराठी, कोणाची उर्दू. त्यांना हा इतिहास सांगणाऱ्या शिक्षकाने संपाची गोष्ट सांगावी, नागपूरने उघडलेल्या दाराची सांगावी, रामचंद्ररावांची आणि शोएबुल्ला खान यांचीही सांगावी; गोरट्याचे नाव घ्यावे, आणि सुंदरलाल यांच्या अहवालाचेही नाव घेण्यास कचरू नये. इतके सांगून झाल्यावर जो मुलगा गाईल तो जाणून गाईल, आणि जो मूक उभा राहील त्याच्याकडे शेजारचा मुलगा संशयाने पाहणार नाही. पुढे पटांगण रिकामे होते, मुले आपापल्या भाषेत बोलत वर्गांकडे वळतात आणि पहिल्या तासाची घंटा होते.